पाट म्हटलं की

डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या तासाला आमच्या मॅडमनी एकदा एक खेळ घेतला होता. त्या एक शब्द उच्चारायच्या आणि मनात पहिल्यांदा जे येईल ते आम्ही कागदावर लिहायचं. त्या म्हणाल्या, ‘आई’. जवळजवळ सगळ्या वर्गानं ‘माया’ लिहिलं. ‘शाळा’ म्हटलं तर ‘ज्ञान’. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं ‘शाळा’ला आधी ‘भूक’ लिहिलं होतं, पण माझ्या कागदावर नजर टाकून तिनं ते खोडलं आणि ‘ज्ञान’ केलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “एकच शब्द प्रत्येकाच्या मनात वेगळा उमटतो, हे यातून दिसतं.” आम्ही तेही लिहून घेतलं. खरं तर दिसलं होतं ते एवढंच, की शिक्षकांसमोर सगळ्यांच्या मनात सारखंच येतं.

मॅडमचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. ते मला नंतर तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका गावात कळलं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. माझं डी.एड. झालं होतं आणि नोकरीचा कॉल यायचा होता. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी रिकामी बसून होते. वडील रेल्वेत होते, आई शिवणकाम करायची, आणि मी दिवसातून दोनदा पोस्टमनची वाट बघायची. त्या गावात माझी आत्या दिली होती. तिथं बायकांचा साक्षरता वर्ग चालवणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं आणि वर्ग बंद पडला. आत्यानं निरोप धाडला, “पोरीला घरी बसवून काय करता? हिकडं पाठवा, चार बायका शिकतील.” चौफुल्यावर बस बदलत, पुढं जीपमध्ये अर्धी आत अर्धी बाहेर बसून मी तिथं पोचले.

वर्ग दुपारी भरायचा. सकाळची खुरपणी उरकून, भाकरी खाऊन बायका यायच्या, आणि जनावरं सोडायची वेळ झाली की उठायच्या. शाळेची एक खोली रिकामी होती, तिथं सतरंजी टाकलेली. गावातल्या बायका आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका एकाच सतरंजीवर बसत. पण बसताना मध्ये हातभर जागा आपोआप सुटायची. ती कुणी मुद्दाम सोडत नव्हतं, आणि कुणी भरतही नव्हतं.

त्या बायकांतल्या तिघींबद्दल सांगायला हवं. पहिली माझी आत्या. तिला वाचायला शिकायचं होतं ते एसटीच्या पाट्यांसाठी. दुसऱ्यांदा शिक्रापूरच्या ऐवजी न्हावऱ्याच्या गाडीत बसल्यावर तिनं तसा निश्चयच केला होता. दुसरी, सगळं गाव जिला मामी म्हणायचं ती. बागायतदार घरातली, ठसठशीत, साठीला आलेली. ती शिकायला यायची की सुनेवर नजर ठेवायला, हे मला सुरुवातीला कळेना. आणि तिसरी तिची ती सून. तिशीच्या आतबाहेरची असेल. नवरा उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला होता, त्याला दोनेक वर्षं झाली होती. पदरात लहान मुलगा. ती सासूच्या मागं, थोडी भिंतीला टेकून बसायची आणि सगळ्यांत आधी अक्षर गिरवून पाटी उलटी करून ठेवायची.

आमच्या पुस्तकात सुरुवातीला सोपे, दोन अक्षरी शब्द होते. त्यातला एक ‘पाट’. बाजूला जेवायला बसायच्या लाकडी पाटाचं चित्र. त्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही, थेट फळ्यावर शब्द लिहिला. सगळ्यांनी ‘प’ ला काना ‘पा’, ‘ट’, करत जोडून वाचला. मग मला तो मॅडमचा खेळ आठवला आणि मी म्हटलं, “पाट म्हटलं की तुमच्या मनात काय येतं? जे पहिलं येईल ते सांगा. चूक-बरोबर काही नाही.”

सुतारांच्या घरातली एक बाई होती, ती लगेच म्हणाली, “कशाचा? आंब्याचा का सागाचा? आंब्याचा आसंल तर लवकर कीड लागती.” सगळ्या हसल्या. आत्या म्हणाली, “मला तर बाई पाण्याचा पाट दिसला. पाट आला म्हंजी धुणं घिऊन येळ नदीला जायाला नगं. उन्हाळ्यात तिथं तरी कुठं पानी आसतं?”

तेव्हा गावाच्या वरच्या अंगानं पाटाचं काम चालू होतं. दिवसभर मशिनची घरघर शाळेत ऐकू यायची. पाणी यायला अजून काही वर्षं होती, पण गावात बोलणं त्याचंच. आत्याचं ऐकून मामी म्हणाली, “तुमाला धुणं दिसलं. मला माझा मळा दिसतो. मधनं चिरलाय. आल्याड निम्मा, पल्याड निम्मा. बैल न्यायचं म्हटलं तर कोसभर वळसा. आन् मधी लिंबाचं झाड हुतं माझ्या सासऱ्यानं लावल्यालं, ते पैल्याच दिशी पाडलं.”

“पण पाणी येणार ना मामी,” मी म्हटलं.

“यील की. पानी यील. झाड न्हाई यायचं.”

मग मी तिच्या सुनेकडं वळले. “तुम्ही सांगा.”

तिनं मान खाली घातली होती. पाटीवर लिहिलेला शब्द ती ओल्या बोटानं पुसत होती. “काय न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या मनात काय आलं न्हाई.”

मी पुढं जाणार होते, पण सुतारीण म्हणाली, “आमाला इचारता, आन् तुमचं? तुमच्या मनात काय आलं बाई?”

मी उत्तर तयार ठेवलं नव्हतं. खरंच जे आलं होतं ते सांगितलं. दौंडला मी पाचवी-सहावीत असताना एका मैत्रिणीकडं गौरीच्या जेवणाला आम्ही मुली गेलो होतो. सगळ्यांना पाट मांडले होते, मलाही. पुरणपोळी होती, तिच्या आईनं आग्रह करकरून वाढली. कुणी काही वावगं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी तिला बोलवायला गेले, तर अंगणात एकच पाट धुऊन भिंतीला उभा करून ठेवला होता. बाकीचे पाट आत एकावर एक रचलेले दारातून दिसत होते. मी विचारलं, हा एकच का धुतला? मैत्रीण म्हणाली, “आजीनं धुतला.” तिलाही त्याचं कारण माहीत नव्हतं. आम्ही दोघी बोलत शाळेत गेलो. संध्याकाळी मी आईला सांगितलं तेव्हा आई मशिनवरून मान वर न करता म्हणाली, “पुन्हा जाऊ नको.”

मी हे सांगायला नको होतं की काय असं मला वाटायला लागलं. आत्या माझ्याकडं रोखून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, कारण तिला त्या गावात राहायचं होतं, मला नाही.

मग मामी म्हणाली, “आमच्याबी घरात तसंच हुतं. मी सवता धुतल्यात.”

तिनं ते कबुली दिल्यासारखं म्हटलं नाही, की ताठ्यानंही नाही. पेरणी कधी झाली ते सांगावं तसं सांगितलं.

“आन् आता?” आत्यानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

“आता पाटच कुठं ऱ्हायल्यात? धाकट्या लेकानं टेबल-खुर्ची आणलीया कंपनीतल्या लोकांचं बघून. पाय लोंबकाळत जेवायचं. माझ्या तर घास घशाखाली उतरत न्हाई.”

सुतारीण हसली, मग आत्या हसली, आणि मीही हसले. त्या हसण्यातच मागून सुनेचा आवाज आला.

“बाई, मी खोटं बोलले. माझ्या मनात आलं हुतं.”

सगळ्या वळल्या.

“माझा पाट लावायचं चाललंय घरात. दिराबर. पाट म्हटलं की मला दुसरं काय सुचणार?”

मला खरंच कळलं नाही. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मी. पाट ‘लावतात’ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी आत्याकडं पाहिलं. तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “रांडावलेल्या बाईचं दुसरं लगीन. त्याला पाट म्हणत्यात.” मी फळ्याकडं पाहिलं. मीच लिहिलेला शब्द तिथं होता.

मामी उठून उभी राहिली होती. “घरातली गोष्ट चार बायकांत काढतीस? कुणी शिकवलं तुला हे?”

“इचारलं म्हणून सांगितलं,” सून म्हणाली. ती बसूनच राहिली. “घरात कुणी इचारलं आस्तं तर घरात सांगितलं आस्तं.”

मामी पाटी तिथंच टाकून निघून गेली. थोड्या वेळानं सूनही उठली. वर्ग तिथंच मोडला.

पुढचे काही दिवस त्या दोघी आल्या नाहीत. बाकीच्याही निम्म्याच येत. आत्या चुलीपाशी बसून म्हणायची, “तू पावणी. उद्या दौंडला जाशील. त्यांच्या घरात आग लागली तर बोट आपल्या वाड्याकडं दावतील.” मी काय चूक केली ते मला समजत नव्हतं आणि वर्ग बंद करायचीही इच्छा नव्हती.

एका दुपारी गावातले आबा वर्गावर आले. सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही इथं काय शिकवता म्हणायचं?”

मी पुस्तक उघडून पान दाखवलं. “हा शब्द शिकवला आबा. एवढाच.”

त्यांनी पुस्तक लांब धरून वाचलं. “पाट. हां.” पुस्तक परत देत म्हणाले, “आवो, पाटाचं म्हणाल तर आमच्या शिवाराला चारीच धरली न्हाई नकाशात. खालच्या गावाला दोन. आमी तीनदा जाऊन आलो हापिसात. सायेब जागेवर न्हाई म्हणत्यात.” मग बराच वेळ ते पाटातून शेतात पाणी आणणाऱ्या त्या चारीबद्दल बोलले. ज्यासाठी आले होते ते त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. जाताना म्हणाले, “शिकवा, शिकवा. चांगलं काम हाय.” बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

मामीचा धाकटा मुलगा, ज्याच्याशी हे लग्न ठरत होतं, तो सणसवाडीला एका कंपनीत होता. सुट्टीच्या दिवशी मी आत्याबरोबर तळेगावच्या बाजाराला गेले असताना तो आम्हाला भेटला. मुद्दामच आला असावा. मोटरसायकल बाजूला लावून, कोथिंबिरीच्या ढिगापाशी अवघडून उभा राहिला. बावीस-तेवीसचा, कंपनीचा शर्ट घातलेला.

“बाई, वहिनी वर्गात काय म्हणली?”

मी सांगावं की नाही ते मला ठरवता येईना. आत्याच म्हणाली, “पाट लावायचं चाललंय म्हणली. इचारलं न्हाई म्हणली.”

तो त्या शब्दानं दचकला. “पाट?” तो म्हणाला. “आई मला तसं न्हाई बोलली. आई म्हणली, भावाची जबाबदारी घेतली पायजे. पोराला बाप पायजे. मी म्हणलं, बघू. मला वाटलं वहिनीचं तसं म्हणणं हाय.”

“तिला काय वाटत हुतं, ठावं हाय का?” आत्या म्हणाली. “परवा बांधावर भेटली तवा म्हणली. तिला वाटत हुतं तूच मागं लागलायस.”

त्यानं कोथिंबिरीची एक जुडी उचलून परत ठेवली. मग म्हणाला, “मी पाचवीत हुतो वहिनी लगीन होऊन आली तवा. माझा डबा ती भरायची. आंघोळ केली न्हाई म्हणून एकदा मारलंय तिनं मला. मला कसं जमंल हे? आन् न्हाई म्हणलं तर लोकं म्हणतील भावाच्या पोराला वाऱ्यावर सोडलं.”

“हे घरी जाऊन बोल,” मी म्हटलं. “आम्हाला सांगून काय होणार?”

“एकट्याला जमणार न्हाई. आई रडायला लागली की माझं तोंड बंद होतं. तुम्ही या.”

आत्या माझा हात ओढत होती. पण नंतर, बाजार घेऊन घरी परतताना, तीच म्हणाली, “जाऊ. पोरगी एकटी पडली.”

आम्ही गेलो. मामीच्या ओसरीवर ते टेबल होतं, त्यावर फुलाफुलांचं प्लॅस्टिक. आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. मामी खाली जमिनीवर बसली, म्हणून आत्या अवघडली आणि तीही खाली बसली. मग मीही. सून आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. मामीचा धाकटा उंबऱ्यात.

त्यानं एका दमात सांगितलं. “आई, मला हे जमणार न्हाई. ती माझी वहिनी हाय. मला आईसारखी हाय.”

मामी त्याच्याकडं न बघता सुनेला म्हणाली, “तू तर ना म्हणली न्हाईस.”

“व्हय तरी कवा म्हणले?”

“गप बसलीस.”

“गप बसले म्हंजी व्हय म्हणले का मामी?”

मामी रडायला लागली. मोठ्यानं नाही. डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि ती बोलत राहिली. तिचं म्हणणं होतं, की तिनं वाईट काय चिंतलं? थोरला गेला. हिचं माहेर राहू गावात, आज ना उद्या तिकडं जाईल, बापभाऊ तिचं दुसरीकडं बघतील, आणि नातू जाईल. नातू गेला की थोरला दुसऱ्यांदा गेला. घरातल्या घरात झालं असतं तर कुणालाच कुठं जावं लागलं नसतं. तिच्या मामेबहिणीचं असंच झालं होतं आणि तिला चार मुलं झाली, संसार झाला. पाट हा शब्द तिच्या मनात वाईट नव्हताच. तिच्यासाठी तो घर मोडण्यापासून वाचवायचा शब्द होता.

वर्गातल्या त्या दुपारी तिला आपला मळा दिसला होता. हा दुसरा अर्थ तेव्हा तिच्या मनात आला नव्हता की आला असून तिनं गिळला होता, ते मी तिला कधी विचारलं नाही.

सून चौकटीतून बाहेर आली आणि सासूपाशी बसली. “मी कुठं जात न्हाई,” ती म्हणाली. “निदान आत्ता न्हाई. जायचं झालं तर सांगून जाईन. पर भावजींबर न्हाई.”

“आन् पोरगं?”

“पोरगं तुमचंबी हाय.”

त्यापलीकडं त्या दिवशी काही ठरलं नाही. धाकट्यानं स्वतः आत जाऊन चहा केला. तो गोडमिट्ट झाला होता. आम्ही पिऊन निघालो.

सून वर्गाला परत येऊ लागली. मामी आली नाही. डोळ्यांना दिसत नाही असं तिनं सांगितलं. उन्हाळ्यात सून मुलाला घेऊन राहूला माहेरी गेली तेव्हा गावात पैज लागली होती, की ती आता येत नाही. शाळा उघडायच्या आधी ती आली. मामी त्या दिवशी सकाळपासून जीप थांबतात तिथं झाडाखाली बसून होती, असं आत्यानं नंतर सांगितलं. मी तोवर दौंडला परतले होते. माझा कॉल आला होता.

मला शिरूर तालुक्यातच शाळा मिळाली, आणि काही वर्षांनी शिरूर गावातच बदली झाली. पहिलीच्या मुलांना शब्द शिकवताना मी पुस्तकातलं चित्र आधी दाखवत नसे. आधी विचारायची. ‘गाडी’ म्हटलं की कुणाला बैलगाडी दिसायची, कुणाला ट्रक, आणि एकाला फक्त हॉर्न ऐकू यायचा. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि घराजवळून जाताना हॉर्न वाजवायचे. मुलं मोठ्यांसारखी लाजत नाहीत, शेजारच्याचं बघून खोडतही नाहीत, निदान दुसरीपर्यंत तरी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिरूरच्या स्टँडवर मला कुणीतरी मागून ‘बाई’ म्हणून हाक मारली. मामीची सून होती. अंगानं भरली होती, कपाळाला टिकली होती. मी टिकलीकडं बघितलं ते तिच्या लक्षात आलं.

“लगीन केलं मी,” ती म्हणाली. “इनामगावात दिलं. त्यांची पैली बायको गेलेली, एक मुलगी हाय. भावजींच्याच कंपनीत हायेत. भावजींनीच इचारलं मला. आधी मला, मग त्यांना.”

“आणि मामी?”

“सा महिने बोलल्या न्हाईत. लग्नाला बी आल्या न्हाईत. मग एक दिवस भोपळा घिऊन दारात उभ्या. म्हणल्या, मळ्यातला हाय, पाटाच्या पाण्यावरचा, खाऊन बघ.” ती हसली. “आता पोरगा शाळेसाठी त्यांच्यापाशी ऱ्हातो, सुट्टीला माझ्याकडं येतो. मला करमत न्हाई बाई. रोज वाटतं आणावं. पर मी मामीला म्हणले हुते, पोरगं तुमचंबी हाय म्हणून. बोलले ते बोलले.”

“नवीन घर कसं आहे?”

“बरं हाय. मुलगी अजून आई म्हणत न्हाई. ‘ओ’ म्हणती. ‘ओ, जेवायला वाढा.’ म्हणू दे. मीबी घाई करत न्हाई.” मग ती म्हणाली, “मामीबी मला सून म्हणत्यात, आन् नवी सासूबी सूनच म्हणती. दोन घरची सून झाले. दिवाळीला दोन्हीकडं फराळ करायचा, कमरेचा काटा ढिला हुतो.”

तिच्या इनामगावाकडं जाणारी न्हावऱ्याची गाडी लागली. ती पुढं धावली, एक पिशवी तिच्या हातात, एक माझ्या. दारात गर्दी होती, म्हणून मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली. आतून एका म्हाताऱ्यानं ती घेतली आणि आपल्या शेजारच्या जागेवर ठेवली.